डावीकडे दोन हात

काचेच्या वखारीत मी तीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस एकाच गाडीवर, एकाच ड्रायव्हरच्या डावीकडे बसून. त्या ड्रायव्हरबद्दल लिहायचं आहे. त्याला सगळे इंचभाऊ म्हणत. अरुंद गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून तो मान बाहेर काढायचा, एकदा पुढे बघायचा आणि सांगायचा, "इंच आहे." मग गाडी जायचीच. "इंच नाही," म्हणाला की मालक गाडीसमोर उभा राहून हात हलवू लागला तरी तो इंजिन बंद करून बसे.

काच वाहणं हे नुसतं वजनाचं काम नाही. गाडीवर लाकडी घोडी असते, तिला लोकरीचा जाड नमदा लावलेला. काचा तिच्यावर तिरक्या उभ्या करून पट्ट्याने आवळायच्या. उचलताना दोघांची पावलं एकदम पडली पाहिजेत. एकाने घाई केली की दुसऱ्याचा तळहात जातो. माझ्या उजव्या तळहातावर तशा दोन खुणा आहेत, दोन्ही इंचभाऊ भेटायच्या आधीच्या, दुसऱ्या जोडीदारांमुळे झालेल्या. इंचभाऊ ड्रायव्हर असून काच उचलायला खाली उतरे. बाकीचे ड्रायव्हर बिडी ओढत बसत. मागे आठ मिलिमीटरच्या बारा काचा उभ्या असताना त्याने ब्रेक लावला, हे मला कधी कधी बाहेरची दुकानं सरकायची थांबली तेव्हाच कळे.

गाडीत उजवी बाजू त्याची, डावी माझी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्या वखारीच्या तिन्ही गाड्यांवर पाळला जाई. डावीकडे बसणाऱ्याने डावी बाजू बोलायची, म्हणजे तिकडे किती जागा उरली ते सांगत राहायचं. आरसा असतो, पण आरशात काचेची घोडी अर्धं चित्र अडवते. म्हणून मी खिडकीतून डोकं काढून बोलत राहायचो. "दोन हात. हात. वीत. चार बोटं. बस." एवढंच. एरवी दिवसभर मी बोलत नसे, म्हणून माझं नाव घुम्या पडलं. इंचभाऊ लोकांना सांगे, "घुम्याच्या तोंडात पाच शब्द आहेत. पण त्यातल्या एकेकावर मी गाडी टाकतो."

मला याचा अभिमान होता. तो होता हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

इंचभाऊची साठी जवळ आली होती. या वयाला अवजड गाडीचं लायसन पुन्हा करून घ्यायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो आणि एक फॉर्म भरावा लागतो. दाखला त्याने लायसनच्या कचेरीसमोरच्या डॉक्टरकडून आणला. त्या डॉक्टरकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता, टेबलावर शिक्का आणि बाहेर रांग असते. इंचभाऊने तक्त्याची शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी वाचून दाखवली. डॉक्टर म्हणाला, "या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत." शिक्का बसला.

फॉर्म मी भरला. त्याला लिहिण्याचा कंटाळा. दुपारच्या सुट्टीत गाडीतच बसलो होतो. मी वाचत होतो, तो डबा खात उत्तरं देत होता.

"फिट येते का? कधी शुद्ध हरपली का?"

"नाही."

"मधुमेह?"

"नाही. चहात घालतो तेवढीच साखर."

"चक्कर, हृदयविकार, हातापायात कमजोरी?"

"तूच बघतोस रोज. नाही लिही."

"रात्री दिसायला त्रास होतो का?"

"नाही."

"बाजूचं दिसण्यात काही अडचण?"

"नाही. लिही, किती वाचतोस."

मी लिहिलं. सगळ्या कॉलममध्ये खालपर्यंत माझ्या अक्षरात नाही, नाही, नाही. तो खोटं बोलला नव्हता. मीही खोटं लिहिलं नव्हतं. आम्हा दोघांना ते खरंच वाटत होतं. त्याने सही केली, फॉर्म दाखल्यासोबत घडी करून ठेवला. तो सोमवारी द्यायचा होता.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी माझी दाढ काढली. दाताच्या डॉक्टरने कापसाचा बोळा कोंबला आणि तासभर तोंड उघडू नका म्हणून बजावलं. मी सुट्टी घेतली नाही. दाढेने काच उचलायची नसते. इंचभाऊला खुणेने सांगितलं, बोलता येणार नाही. तो हसला. "तसाही तू कुठे बोलतोस?"

बाजाराच्या रस्त्यावर त्याने गाडी डावीकडे घेतली. तिथे एक खुर्च्या विणणारा सायकलवरून चालला होता. हँडलला वेताची मोठी भेंडोळी अडकवलेली. तो माझ्या खिडकीच्या पुढे होता, अगदी उघड्यावर, दिवसाच्या उजेडात. मला वाटलं, इंचभाऊला दिसतोय. दिसायलाच हवा होता. गाडी सरकत राहिली. मी दारावर थाप मारली, पण तेव्हा उशीर झाला होता. खुर्चीवाल्याने उडी टाकली. सायकल मागच्या चाकाखाली गेली. वेताची भेंडोळी सुटून रस्ताभर पसरली.

माणूस वाचला. दोन्ही तळहात सोलले, गुडघा फुटला. तो फुटपाथवर बसून पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "अहो, मी समोर होतो. समोर होतो ना मी?" इंचभाऊ त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याचे हात पाण्याने धुतले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बोलला नाहीस तू."

मी मान हलवली. बोललो नव्हतो, हे खरं होतं. मालकानेही तेच ऐकलं आणि तेच ठरवलं. खुर्चीवाल्याला सायकल घेऊन दिली. चूक माझ्या नावावर लागली आणि मी ती लावून घेतली. पण काच हातातून निसटली तर कुणाचा हात आधी सुटला हे उचलणाऱ्याला आतून माहीत असतं. तसं काहीतरी मला सलत होतं. मी बोलणारा होतो. बघणारा तो होता. माझं बोलणं एक दिवस थांबलं तर एवढा माणूस नाहीसा कसा होतो?

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत दारातून शिरताना डाव्या हाताला एक स्टूल असे, मी नेहमी त्याच्यावर बसायचो. त्या दिवशी स्टूल तिथे नव्हतं.

"वहिनी, स्टूल कुठे गेलं?"

"आत टाकलं, भावजी. ह्यांना रोज ठेच लागायची. रोज स्टुलाला शिव्या. मला वाटलं, स्टुलाची तरी सुटका करावी." तिने चहाचा कप नवऱ्याच्या उजव्या हाताला ठेवला आणि माझा माझ्यासमोर. "गेल्या वर्षी तीन कप फोडले यांनी. तिन्ही डावीकडे ठेवलेले. म्हटलं, वय झालं, आता सगळं उजवीकडेच ठेवायचं."

"झालं तुझं पुराण?" इंचभाऊ पेपरातून म्हणाला. बारीक अक्षर तो चष्म्याशिवाय वाचत होता.

"डावीकडून हाक मारावी तर दचकतात. हाक ऐकू येते, बाई दिसत नाही. म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली की होत असेल तसं."

ती हसली. मी हसलो नाही. मी उठून त्याच्या डावीकडे, खांद्याच्या थोडा मागे उभा राहिलो आणि हात वर केला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी हात हळूहळू पुढे आणला. कानापाशी आला, त्याने पान उलटलं. डोळ्याच्या रेषेत आला, तो वाचत राहिला. त्याच्याही पुढे गेला. माझी बोटं पेपराच्या कडेजवळ, जवळजवळ त्याच्या नाकासमोर आली, तेव्हा तो म्हणाला, "हात काय नाचवतोस?"

वहिनीचं हसू गेलं होतं. तिने माझा हात कुठून कुठवर आला ते पाहिलं होतं.

मी त्याला सांगितलं. मला फार बोलता येत नाही, चार वाक्यांत सांगितलं. त्याने खिशातून दाखला काढून माझ्यासमोर धरला. "शेवटची ओळ वाचलीय मी. दोन्ही डोळ्यांनी. हे बघ, शिक्का."

"ओळ समोर असते, भाऊ."

"आणि रस्ता कुठे असतो? मागे?"

"खुर्चीवाला डावीकडे होता."

"तू बोलला नाहीस म्हणून." तो उठला, आणि दाराकडे जाताना चौकटीला त्याचा डावा खांदा लागला. त्याने चौकटीकडे पाहिलंही नाही. रोजचं असावं. "उद्या वाटेत फॉर्म देणार आहे. तुला यायचं तर ये, नाही तर मालकाला सांगून दुसरा माणूस घेतो. बोलता येणारा."

त्या रात्री मी हिशोब लावला. स्टूल वहिनीने हलवलं, कप तिने फिरवला. वखारीच्या फाटकाचं डावं दार मालकाने गेल्या वर्षीच पूर्ण उघडं ठेवायला सांगितलं होतं, कारण एकदा ते आरशाला लागलं होतं. आणि रस्ता मी बोलत होतो. कुणालाच काही ठाऊक नसताना आम्ही सगळ्यांनी मिळून त्याची डावी बाजू भरून काढली होती. इतकी चांगली भरली की ती गेल्याचं त्यालाच कळलं नाही. माझं काम मी नीट केलं होतं. तेच वाईट झालं होतं.

सोमवारी सकाळी मी वखारीत गेलो. सहा काचा चढवल्या, पट्टे आवळले. एका ऑफिसच्या इमारतीला पोचवायच्या होत्या. इंचभाऊच्या शर्टाच्या खिशात फॉर्मची घडी दिसत होती. मी माझ्या जागेवर बसलो. फाटकाचं डावं दार मी तासाभरापूर्वी स्वतः जाऊन अर्धं लावून आलो होतो, पूर्वी असायचं तसं. जागा भरपूर होती. पण मी जागा किती ते सांगणार नव्हतो.

"मी आज बोलणार नाही," मी म्हणालो.

"दाढ?"

"दाढ बरी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पूर्ण मान वळवून पाहिलं. मला आता ती मान वळवणं दिसत होतं, पूर्वी दिसलं नव्हतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "तू जन्मायच्या आधीपासून गाडी चालवतोय म्हणणार नाही, पण तू आलास त्याच्या आधीपासून चालवतोय. बस गप."

गाडी फाटकाशी आली. पुढचं चाक उंबऱ्याच्या पट्टीवर चढलं आणि थांबलं. इंजिन चालू होतं. त्याने डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आरशात बघितलं. थोडी पुढे घेतली, पुन्हा थांबवली. एकोणीस वर्षांत या फाटकातून तो किती वेळा गेला असेल, मी मोजलेलं नाही. त्याच्या गळ्यावर घाम आला होता.

"किती आहे?" त्याने विचारलं.

मी समोर बघत राहिलो.

"घुम्या. किती आहे?"

मी तोंड मिटून बसलो होतो. शब्द जिभेवर तयार होता, एकोणीस वर्षांची सवय होती ती. पुरुषभर उंचीची काच मी एकट्याने जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेलेली आहे. तिचं वजन त्या एका शब्दाएवढं नव्हतं.

त्याने इंजिन बंद केलं. मागे कुणीतरी हॉर्न दिला. तो खाली उतरला, गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि फाटकाच्या दारासमोर उभा राहिला. दार आणि गाडी यांच्यामध्ये दोन हात जागा होती. सहज निघाली असती. वखारीतला कालचा आलेला माणूसही डोळे झाकून नेईल एवढी.

तो त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्याने आपला हात त्या जागेत घातला, कोपरापर्यंत, आणि काढला. माझ्या खिडकीशी येऊन किल्ली माझ्या हातात दिली.

"मालकाला सांग, दुसऱ्याला पाठव. काचा उतरवताना तिसरी जपा, तिची कड घासलेली नाही." एवढं सांगून तो वखारीच्या बाकावर जाऊन बसला.

बुधवारी वहिनीसह आम्ही तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक यंत्र होतं, मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, बाजूला कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. इंचभाऊने ते काम त्याच्या पद्धतीने केलं. पाठ ताठ, पापणीसुद्धा मोजून लववली. बाहेर आला तेव्हा खूश होता. "एकही दिवा सोडला नाही," तो वहिनीला म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. दोन गोल होते, एकेका डोळ्याचा एकेक; दिवा दिसला नाही तिथे काळं. डाव्या गोलात मधे पांढरा तुकडा उरला होता, रुपयाएवढा, बाकी काळं. उजव्यात नाकाकडची बाजू काळी होत चालली होती. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. काचबिंदू.

"काच तर आयुष्यभर वाहिली," इंचभाऊ म्हणाला. "ती डोळ्यात कधी चढवली ते कळलं नाही." कुणी हसलं नाही. त्यानेही अपेक्षा केली नव्हती.

"पण मला काळं काहीच दिसत नाही," तो म्हणाला.

"दिसणार नाही. जिथे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं पसरून टाकतो. तुम्हाला रस्ता पूर्ण दिसतो. त्याच्यावरचा माणूस दिसत नाही." बाईंचा आवाज साधा होता. "म्हणूनच तक्ता वाचता आला. तो मधला तुकडा वाचतो. आणि यात दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही."

वहिनीने विचारलं, "औषधाने परत येईल?"

"गेलेलं येणार नाही. थेंब नेमाने घातले तर आहे ते बरंचसं टिकेल. एक वेळही चुकवायचे नाहीत."

"आणि लायसन?" हे इंचभाऊने विचारलं. खोलीत बाकी काही त्याला ऐकायचं नव्हतं.

"फिट येणाऱ्याला थांबवतात, काही काळ फिट आली नाही तर पुन्हा विचार होतो. मधुमेहवाल्याला बऱ्याचदा कमी मुदतीचं देतात, तपासत राहतात. तुमचं तसं नाही. बाजूचं एवढं गेल्यावर अवजड गाडी नाही. लहानही नाही. मी उलटं लिहून देणार नाही."

"मी मागितलं नाही," तो म्हणाला.

दवाखान्यातून तो सरळ लायसनच्या कचेरीत गेला. आम्ही मागून. खिडकीच्या कठड्यावर फॉर्म ठेवला, माझ्याकडून पेन घेतलं. बाजूचं दिसण्यात अडचण, या ओळीपुढचं माझं नाही त्याने एका रेषेने खोडलं आणि वर होय लिहिलं. त्याचं अक्षर वाकडं येतं. मग त्याने फॉर्म, डोळ्याचा कागद आणि लायसन असं सगळं आत सरकवलं.

कारकुनाने वाचलं, पुन्हा वाचलं. "काका, हे कशाला आणलंत? महिन्यात मुदत संपतेय. घरी बसला असतात तरी आपोआप बंद झालं असतं."

"आपोआप नको," इंचभाऊ म्हणाला. "घ्या. आणि पोच द्या."

कारकुनाने पोच दिली. त्याने ती घडी घालून त्याच खिशात ठेवली.

त्यानंतर तो वखारीत सात वर्षं होता. मालकाने त्याला मापाच्या कामाला लावलं. खिडक्यांच्या चौकटी मोजायच्या, काचेवर खूण करायची. डोळ्याचा उरलेला तुकडा त्या कामाला पुरत होता आणि त्याच्या खुणेवर कापलेली काच कधी परत आली नाही. थेंबांची बाटली शर्टाच्या खिशात असे, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बाकावर मान मागे टाकून. मशीन चालू असलं, मालक हाक मारत असला तरी आधी थेंब.

नवा ड्रायव्हर आला त्या दिवशी इंचभाऊ गाडीपाशी आला आणि मला म्हणाला, "याला डावी बाजू बोलू नकोस. अडला तर उतरून बघू दे. वर्षातून एकदा तरी नीट लक्ष ठेवून बघ, गाडी कुठे लागते का." मी तसंच केलं. नव्या ड्रायव्हरला वाटलं, घुम्याला राग आलाय. बाकीच्या दोन गाड्यांवर अजून बोलतात. मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांना ते पटलं नाही.

संध्याकाळी वखार सुटली की आम्ही दोघं चालत घरी जायचो. पहिल्या काही दिवसांत तो एकटाच पुढे चालायचा, झपाझप, आणि दर वळणावर कशाला तरी थडकायचा. एकदा विजेच्या खांबाला खांदा आपटला तेव्हा तो थांबला. खांबाला हात लावून उभा राहिला. मी मागून येऊन त्याच्या डावीकडे उभा राहिलो.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडीत बोलू नको म्हटलं होतं मी. इथे बोलायला काय झालं तुला?"

आम्ही चालू लागलो. पुढे फुटपाथवर कुणीतरी हातगाडी उभी केली होती.

"दोन हात," मी म्हणालो. "हात. वीत."

तो थोडा उजवीकडे सरकला आणि चालत राहिला.